अभिनंदनाचा फ्लेक्स

स्वच्छ ऊर्जेच्या राष्ट्रीय सेवेत वर्षभर काम करायला मी यवतमाळहून पुण्यात आले. वारज्यातल्या एका अंगणवाडीच्या गच्चीवर आम्ही नुकतीच सोलर पॅनेलं बसवली होती. आज तिथल्या सेविका वेणूबाईंचा फोन आला.

"ताई, पंखे बंद पडलेत. ऑक्टोबरच्या या उकाड्यात पोरं नुसती रडतायत."

गच्चीवर गेले, तर पॅनेलांच्या अगदी पुढ्यात, दक्षिणेला, बांबूंना बांधलेला भलामोठा फ्लेक्स. सगळी पॅनेलं सावलीत. फ्लेक्सवर वस्तीचे पुढारी भाऊ हात जोडून उभे आणि त्यांच्या पायाशी आम्हा स्वयंसेवकांचं हार्दिक अभिनंदन. त्यात मीही होते, दात काढून हसणारी.

मी आमच्या समन्वयकांना, पुष्कर सरांना फोन लावला.

"भाऊंचा वाढदिवस होईपर्यंत राहू दे," ते म्हणाले. "रिपोर्टमध्ये पॅनेलं चालू आहेत असं लिही."

"सर, भाऊंच्या चेहऱ्यावर वीज तयार होते का?"

"अपेक्षा, सेवा करायला आलीयस ना? मग थोडं अ‍ॅडजस्ट करायला शीक."

माझं डोकंच फिरलं. फोन कट केला, पिशवीतून कटर काढला आणि एकेक दोरी कापत गेले. भाऊ तोंडावर आपटले. त्यांच्याबरोबर मीही.

मागे वेणूबाई उभ्या होत्या. फ्लेक्सचा कोपरा चाचपत त्या म्हणाल्या, "दणकट आहे. माझ्या घराच्या पत्र्यावर टाकू? चेहरे खाली करून टाकते."

"नको, वरच राहू द्या," मी म्हणाले. "माझाही. बसू दे आम्हाला उन्हात."