गालातलं बाळ

मी तोंडाने फटकळ आहे. आधीच सांगितलेलं बरं, मागाहून कोणी रुसायला नको. चोलुला गावात कास्तुलोच्या बेकरीवर एक खोली आहे, तिथे दर गुरुवारी पाच वाजता मी माणसांना सोबत करते. दारावर पाटी आहे: 'सोबत. दारू, जेवण, आरसा.' पाटी माझ्याच हातची, त्यामुळे अक्षरं उताराला लागली आहेत. मी डॉक्टर नाही, मठातली सिस्टर नाही. पंधरा वर्षं प्यायले, सोडून सात वर्षं झाली, आणि सोडल्यावर पहिली दोन वर्षं समोर येईल ते खात सुटले. शिक्षण म्हणाल तर एवढंच.

खोलीत नियम एकच. जे लपवलं असेल ते बोलून टाकायचं. बाटली लपवली असेल, पाव लपवला असेल, वजनकाटा पलंगाखाली सरकवला असेल, काय वाटेल ते असो. हा नियम मी टेबलावर हात आपटून सांगते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझीच शोभा होणार आहे.

त्या वर्षी थंडीत माझ्याकडे दोघंच टिकली होती. एक नाबोर मास्तर. गवंडी माणूस, आमच्याकडे गवंड्याला मास्तरच म्हणतात, साठीचा, मिशी झाडूएवढी. आमच्याकडचे पुरुष दारू सोडत नाहीत, मुदतीवर ठेवतात. देवळात जायचं, ग्वादालूपेच्या माउलीपुढे शपथ घ्यायची, पाद्री कार्ड देतो, कार्डावर तारीख. तारखेपर्यंत माणूस संत. मास्तरांचं हे नववं कार्ड होतं आणि त्यावर एकतीस जानेवारी लिहिलं होतं. आधीच्या आठ तारखांच्या दुपारी मास्तर कुठे सापडले ते सांगत नाही, बिचारे वाचतील.

दुसरी मिरेया. सत्तावीस वर्षांची पोर, पंधराव्या वाढदिवसाचे झगे शिवते. दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा मोजायच्या आणि संध्याकाळी आरशाशी भांडायचं. दोन वर्षं ती कुणासमोर जेवली नव्हती. घरी सगळे टेबलाशी बसले की ही म्हणणार, "तुम्ही बसा, मी वाढते." तिच्या बापाला सगळं कळत होतं. तो रोज आपल्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायचा. त्या शनिवारी त्याला सत्तर पूर्ण होणार होती.

"बाई, शनिवारी मला त्या खुर्चीत बसायचंय," ती मला म्हणाली होती. "फक्त बसायचं नाही. जेवायचंय. नाही जमलं तर मी जाणारच नाही."

मी घाबरले. पण सोबतिणीला तसं दाखवता येत नाही.

म्हटलं, "गुरुवारी सहा जानेवारी, तीन राजांचा सण आहे. इथे रोस्का कापू. एक तुकडा आमच्यासमोर खा. जमलं तर शनिवार जमला."

आता रोस्का म्हणजे नुसता गोड पाव असता तर प्रश्न नव्हता. त्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं बाळ असतं. ज्याच्या तुकड्यात बाळ, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना घरी बोलावून तमाल, म्हणजे मक्याच्या सालीत वाफवलेले उंडे, खाऊ घालायचे. बाळ निघालं की सगळे त्या माणसाकडे बघून टाळ्या पिटतात. मिरेयाकडे कोणी बघितलं की तिचा घास तिथेच अडकतो. म्हणून मी सकाळपासून माउलीला एकच सांगत होते, बाळ कुणालाही दे, त्या पोरीला देऊ नकोस.

गुरुवारी मिरेया आली ती भिंतीकडे तोंड करून बसली. मांडीवर रुमाल. तो रुमाल मला माहीत होता. घास तोंडाजवळ जातो आणि रुमालात उतरतो, इतकी सफाई की जादूगाराने शिकवणी लावावी.  मास्तरांना मी जिन्यातच बजावलं होतं: "तिच्याकडे बघायचं नाही. शाब्बास म्हणायचं नाही. कळलं?"

"मी कशाला बघतो," मास्तर म्हणाले आणि आत येताच तिच्याकडे टक लावून बसले.

रोस्का ज्याचा त्याने कापायचा. मास्तरांनी सुरी घातली आणि टक् झालं. आता कळतं, तो प्लास्टिकचा आवाज. मास्तरांनी सुरी बोटभर डावीकडे सरकवली, इकडेतिकडे बघत तुकडा उचलला आणि भला मोठा घास भरला. त्यानंतर त्यांची दातखीळ बसली. तेव्हा मला वाटलं, सुरी गरम चॉकलेटच्या कपाला लागली असेल आणि माणूस भारावलाय. सणाचा दिवस, होतं कधी कधी.

मग मी कापला. दुसऱ्या घासाला दाताखाली कडक लागलं. जिभेने चाचपलं. डोकं, पोट, दोन तंगड्या. बाळ.

झालं, म्हटलं, पोर सुटली. आता बोट वर करून सांगायचं, "मला मिळालं," की संपला विषय. तोंड उघडणार इतक्यात डोळ्यांसमोर माझ्या चार नणंदा आल्या. दोन फेब्रुवारीला माझ्याकडे तमाल म्हणजे त्या चौघी येणार. दारातच थोरली म्हणणार, "ओब्दुलिया, काय गं सुटलीस." धाकटी म्हणणार, "असू दे, प्यायची त्यापेक्षा खाते ते बरं." आणि मग चौघी मिळून माझेच तमाल मोजून खाणार, मी किती घेतले तेवढं सोडून काही न बघता. सात वर्षं मी लोकांना सांगते, शरीराची लाज धरू नका. आणि नणंदांची नुसती आठवण आली तर मी पोट आत ओढून बसले.

बाळ गालात सरकवलं. प्यायचे तेव्हा वास मारायला तिथेच लवंग ठेवायचे. जागा अजून तयारच होती.

पण बैठक तर चालवायला हवी. मी म्हटलं, "माफ्तर, कफे आहात?"

"हं," मास्तर म्हणाले.

"फपथ फांभाळताय ना?"

"हं."

"घरी फगळं ठीक?"

मास्तरांनी मान हलवली, मग उलटी हलवली, मग खिशातलं कार्ड काढून मला तारीख दाखवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते का होतं ते मला नंतर कळलं. मास्तरांच्या घरात तमाल झाले की त्यांचे सगळे मित्र येतात आणि येताना मेस्काल दारूचा बुधला आणतात. कार्ड संपणार एकतीसला, तमाल दोनला. मधले दोन दिवस माउलीने हात वर केलेले. म्हणून त्या बिचाऱ्याने बाळ गालात दडवलं होतं, आणि मी समजत होते की एकटी मीच काय ती चोर.

पाच-सात मिनिटं आम्ही दोघं एकमेकांसमोर मूग गिळून बसलो. मी हातवारे करून भावना विचारत होते, मास्तर भुवयांनी उत्तरं देत होते. शनिवार, खुर्ची, रुमाल, सगळं डोक्यातून गेलं होतं. गालातून लाळ गळू नये एवढ्यावरच माझं लक्ष.

तेवढ्यात टेबलावर काहीतरी टकटकलं. मिरेयाने प्लास्टिकचं बाळ उभं करून ठेवलं होतं.

"मला मिळालं," ती म्हणाली.

मी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी माझ्याकडे. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

"एक हे," मिरेया शांतपणे म्हणाली. "बाकीची दोन कोणाकोणाच्या गालात आहेत?"

"कफली दोन?" मी म्हटलं.

"बाई, मी खायच्या आधी प्रत्येक गोष्टीत काय घातलंय ते विचारते, तुम्हाला माहितीय. सकाळी कास्तुलोकाकांना विचारलं. लोणी पाव किलो, अंडी सहा, साखर किती ते त्यांना धड सांगता आलं नाही, आणि बाळं तीन. म्हणाले, तिघं आहात, एकालाच कशाला सापडायला हवं." ती माझ्याकडे वळली. "आणि खोलीचा नियम काय आहे?"

माझा नियम, माझंच टेबल, आणि ही कालची पोर त्यावर हात आपटून मला विचारतेय. मी बाळ काढून बशीत ठेवलं. कान गरम झाले होते. "नणंदा," मी म्हटलं. जास्त काही सांगावं लागलं नाही.

आणि मग माझी नजर तिच्या बशीवर गेली. बशी रिकामी. रुमाल? रुमाल टेबलावर, घडी तशीच, कोरी. पोरीने अख्खा तुकडा खाल्ला होता, वरच्या साखरेच्या पट्टीसकट, आणि तिचं तिलाही कळलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा समोर माणसं असून तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. तीच भिंतीकडून वळून आमच्याकडे बघत बसली होती.

मास्तरांनीही बशी बघितली. त्यांची छाती फुगली, मिशी वर गेली, 'शाब्बास' अगदी ओठांवर आलं. मी टेबलाखालून त्यांच्या नडगीवर लाथ घातली. मास्तरांनी आवंढा गिळला. आवंढ्याबरोबर बाळ गेलं.

"गेलं," मास्तर म्हणाले.

मिरेया हसायला लागली. हसता हसता तिने बशी बघितली आणि थबकली. चेहरा पांढरा पडला.  एक शब्द चुकीचा गेला असता तर तो तुकडा तिने रात्रभर मनात मोजला असता. आम्ही दोघं छताकडे बघत राहिलो. छतावर बघण्यासारखं काही नाही, ओल आलीय तेवढीच.

शेवटी ती म्हणाली, "शनिवारी तुम्ही दोघं यायचं. माझ्या समोर बसायचं."

"येऊ की," मी म्हटलं.

"आणि गालात काहीतरी ठेवून यायचं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या बायकोचा निरोप आला, बाळ सुखरूप आहे. तिने पाठोपाठ नवऱ्याला देवळात नेलं. मास्तरांनी दोनच दिवसांची शपथ मागितली तर पाद्री म्हणाला, असली चिल्लर मी देत नाही, वर्षाची घे. तमाल आम्ही तिघांनी मिळून माझ्या घरी करायचे ठरवले. नणंदा येणार आहेत. येऊ देत.

शनिवारी मी गालात जर्दाळूची बी ठेवली आणि मास्तरांनी ऑलिव्ह. मिरेयाच्या बापाने मला विचारलं, "प्रवास कसा झाला?" मी म्हटलं, "फुंदर." मास्तर म्हणाले, "हं." म्हातारा जेवणभर आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता, लेकीने कसली माणसं घरी आणलीत म्हणून. शेजारच्या खुर्चीकडे बघायला त्याला फुरसतच झाली नाही. मिरेयाने मोलेचा रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला, तेव्हा त्याने मान न वळवता भांडं तिच्याकडे सरकवलं.

त्याचा हात मात्र तिने मागायच्या आधीच भांड्यावर गेला होता. तेवढं मी बघितलं.