बोलणारी चौकट

वाटूरला रखमाजींच्या घरापुढं चपलांचा ढीग पडला होता. आत त्यांच्या मेलेल्या पोराचा, कल्याणचा फोटो बोलत होता.

"आई, आज हिरवं लुगडं नेसलीस? बरी दिसतीस."

बायांनी पदर डोळ्यांना लावले. गावात आलेल्या एका महाराजांनी 'सिद्ध' करून दिलेल्या फोटोच्या चौकटीला लाल दिव्यांची माळ होती. "बिलकुल बंद करायची न्हाई! आत्मा भटकतो," महाराजांनी बजावलं होतं. आत्म्याला वीज लागते, हे कुणालाच खटकलं नाही.

कल्याणची बायको साधना दाराशी उभी होती. शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. याच आवाजानं सासूचं, दुर्गाबाईंचं इन्सुलिन बंद करून अंगारा सुरू करवला होता. त्यांच्या पायाची जखम काळी पडत चालली होती. साधनानं विरोध केला, तर आवाज म्हणाला, "हिनंच मला खाल्लं." तेव्हापासून तिच्या हातचं पाणीही कुणी पीत नव्हतं.

हिरवं लुगडं ऐकून ती चमकली. कुणीतरी बघतंय! चौकट टांगताना महाराजांच्या शिष्यानं, सोमेश्वरनं 'थेट आरतीसाठी' म्हणून वायफायचा पासवर्ड घेतला होता.

तिनं मोबाईलवर राउटरचं पान उघडलं. वायफायला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला राउटर आकड्यांचा पत्ता देतो. तिचा मोबाईल, टीव्ही, आणि तिसरंच काहीतरी. तो पत्ता तिनं ब्राउझरमध्ये टाकला. पडद्यावर हीच खोली उघडली. रडणाऱ्या बाया, हिरव्या लुगड्यातल्या सासूबाई, दाराशी ती स्वतः. खाली माईकचं चिन्ह होतं. ते दाबून ती सासऱ्यांना उद्देशून हळूच बोलली, आणि फोटोतून तिचाच आवाज आला,

"मामा, मी साधना बोलून राह्यले."

रखमाजींनी चौकटीचा पुठ्ठा फाडला. आत नखाएवढा कॅमेरा, बटणाएवढा स्पीकर.

"आत्म्याची विटंबना!" फोटोशेजारी बसलेले महाराज ओरडले, पण पाय दाराकडं वळले होते. लोकांनी त्यांना धरून पोलिसांच्या हवाली केलं. सोमेश्वर शेजारच्या गल्लीत, गाडीत मोबाईलवर कल्याणच्या आवाजाची नक्कल करणारं अ‍ॅप उघडून बसलेला सापडला.

दुर्गाबाईंना जालन्याला नेलं, पण उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं,

"मंग माझं लेकरू बोललंच न्हाई का गं?"

"न्हाई, आई."

त्या भिंतीकडं तोंड करून रडल्या. त्यांचं पोरगं दुसऱ्यांदा गेलं होतं.

भेटायला आलेल्या बायांना साधना एवढंच म्हणाली, "चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, हे चालतं कशावर? अन् औषध बंद कर म्हणणारा देवाच्या आवाजात बोलो की पोराच्या, त्याचं ऐकू नका. जल्दी डॉक्टरकडं जा."