नजवाचं निळं भांडं

शेजारच्या नजवाला स्वतःची नात नाही, म्हणून तिने माझी धरून ठेवावी का? गेले दोन महिने आमची तनया युनिव्हर्सिटीतून येते ती तडक तिच्या घरात शिरते. आजीला फाटकातूनच "हाय".

नजवाच्या आठवणींवर डिझर्टेशन लिहितेय म्हणे. नजवाच्या तरुणपणी तिच्या गावी, बैरूतमध्ये, यादवी पेटली, तेव्हा लाल बावट्याचे आणि राष्ट्रवादी असे पाच-सहा पक्ष आघाडी करून लढले. त्यांच्या स्वयंपाकघरात ही बाई भात शिजवायची. झाला इतिहास! मी चौऱ्याहत्तर सालापासून इथे विलायतेत, कॉव्हेंट्रीत रांधतेय, फॅक्टरीत उभी राहून तीन पोरं वाढवली, माझ्यापुढे कुणी रेकॉर्डिंगला फोन ठेवला नाही.

"मलाही विचार की काहीतरी," मी एकदा म्हटलं.

"आजी, तुझा गोष्ट मला माहितेय ना!"

माहितेय म्हणे. धड 'तुझी' म्हणता येत नाही. कप्पाळ!

मंगळवारी नजवाने निळ्या भांड्यातून मसूर घातलेला भात पाठवला, वर तळलेला कांदा. चांगला होता, त्याचाच राग. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही, निदान चमचाभर साखर तरी घालतात. मी ते लख्ख घासलं, पुसलं आणि रिकामंच तनयाच्या हातात दिलं. तिला काय कळतंय! नेऊन दिलं.

दोन तास झाले तरी पोरगी परतेना, म्हणून बोलवायला गेले. नजवाचं मागचं दार उघडंच होतं. टेबलावर निळं भांडं, शेजारी तनयाचा फोन, रेकॉर्डिंगला लावलेला. इंग्रजी मला बोलता येत नाही धड, पण कळतं सगळं.

नजवा सांगत होती, "वरच्या मजल्यावर लालवाले, खाली राष्ट्रवादी. चूल खाली. रोज भांडं भरून वर जायचं, आणि येताना त्यात काहीतरी यायचंच. लिंबू, सिगारेटी, काहीही. एक दिवस रिकामं आलं. घासून. भाषणं एकीचीच चालली होती, पण मी ओळखलं. आठवड्यात त्यांनी एकमेकांवर बंदुका चालवल्या. माझा भाऊ जिन्यात उभा होता."

नजवाने मान वर केली, तर दारात मी.

"पुसलंयस मात्र छान," ती मला म्हणाली.

तनयाने भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी! तू मुद्दाम केलंस?"

माझे कान तापले. पण मान खाली घालणारी मी नव्हे. भांडं उचलून कडेवर घेतलं आणि तनयाला म्हटलं, "सांग हिला. एक शब्द गाळू नकोस."

मग नजवाकडे वळले.

"बाई, भांडं रिकामं धाडलं ते मुद्दामच. चुकलं माझं, उद्या शिरा भरून आणते. पण तुझ्या त्या आघाडीसारखं मनात ठेवून हसायला मला येत नाही, म्हणून तोंडावर सांगते, तू नातचोर आहेस! उद्यापासून पोरगी माझ्या स्वयंपाकघरात बसेल, फोन तिथे लागेल. तुला काय सांगायचं ते तिथे येऊन सांग. पण आधी मी बोलणार."