वाळवंट बघायला

मी हौसा. टोकावड्याच्या रस्त्याला माझी चहा-भजीची टपरी हाय, आणि मी तोंडाची फटकळ, हे घाट उतरणाऱ्या दर ड्रायव्हरला ठाऊक हाय. मनस्वी माझ्या भावाची, बारकूची पोरगी. तिची आई गेली तेव्हा पोर एवढीशी होती, तेव्हापासून मीच वाढवली. बारकू वाशिंदला कंपनीत वॉचमन, तिकडून फोनवर उंटावरून शेळ्या हाकतो. पोरगी बारावी करून मुरबाडला पॅकिंगला जाते.

एका सुट्टीला ती अनिता मॅडमला घरी घेऊन आली. ही बाई कंपन्यांना कामाला पोरी पुरवते, वाशिंदच्या नव्या बिल्डिंगीत राहते. बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. चांगलं काम करणाऱ्या पोरींना आठ दिवस राजस्थानला फिरवून आणायचं ठरवलंय, बोलली. गाडी, जेवण, तंबूत राहणं, सगळं फुकट. मनस्वी मला मोबाइलवर फोटो दाखवत बसली, चांदण्यात वाळू कशी दिसते, उंट कसा बसतो, आरशांचे घागरे कसे असतात. पोरीने आजवर घाटापलीकडचं ओतूरसुद्धा बघितलं नव्हतं. तिचं तोंड फुललेलं बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी पोहे केले. बाईबरोबर एक माणूस होता, बाहेर उभ्या पांढऱ्या गाडीचा मालक म्हणे. तो पोरीकडे नुसता बघत होता. मग सहलीचं ठरवणं सुरू झालं. मॅडम बोलली, मनस्वी, जरा अंगणातून चालून दाखव, वाळूत चालायला जमेल का बघू. पोर हसत चालली. मग उंची विचारली, उंटावर बसायचंय ना. केस सोडायला लावले, घागऱ्यावर फोटो झकास येतो म्हणून. स्वयंपाक येतो का, तंबूत सगळ्यांनी मिळून करायचा असतो. कधी मोठं दुखणं झालंय का, तिकडं ऊन फार. शेवटी त्या माणसाने तिचा हात पुढे करायला सांगितला. बांगड्यांचं माप हवं होतं.

माझ्या हातातली बशी हातातच राहिली. अहो, माझा एक डोळा तिरळा. लग्न जमेपर्यंत मला सतरा घरची माणसं बघून गेली. चालून दाखव, केस सोड, हात बघू, स्वयंपाक येतो का. हे प्रश्न मला झोपेत विचारले तरी ओळखीन. सहल ठरवताना कोण विचारतं हो असं? ही तर बघणी चालली होती, माझ्याच घरात, माझेच पोहे खाऊन. आणि बघणीला आलेली माणसं निदान मुलाचं नाव-गाव सांगतात. राजस्थानकडली माणसं वाईट असं मी बोलत नाय. पण पोर कुठल्या घरात जाणार ते लपवणारा दलाल इकडचा असो की तिकडचा, तो पोर विकायलाच निघालेला असतो.

तरी मी तोंडात साखर ठेवली. बोलले, मी पण येते, मलाही उंट बघायचाय. जागा भरल्या, मॅडम बोलली. मग मनस्वीला चहा आणायला आत पाठवली आणि खोटाच खडा टाकून बघितला. पोरीची सोयरीक झालीय सापगावला, दिवाळीनंतर लग्न हाय, पण जाऊन येऊ दे की फिरून. मॅडमने त्या माणसाकडे बघितलं. तो उठला, हात धुतले. कळवते नंतर, असं बोलून दोघं निघालीच. चहासुद्धा घेतला नाय.

सोयरीक झालेल्या पोरीला उंट लाथ मारतो का? माझं खोटं मनस्वीला सांगून मी तिला परोपरीने समजावलं. ती माझ्यावरच उलटली. तुझा जन्म टपरीत गेला म्हणून माझाही जाऊ दे का, बोलली. लागलं मला ते. बारकूला फोन केला तर तो बोलला, ताई, तू उगाच संशय घेतेस, मॅडम मोठ्या ओळखीची बाई हाय. पोलिसांकडे जाऊन तरी मी काय सांगणार, पोहे खाऊन गेली म्हणून? पोरीने माझ्याशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी माझ्या पाया पडली आणि कामाला जाते म्हणून बाहेर पडली. मी वेडी, राग गेला म्हणून खूश झाले. रोजच्या कामाला जाताना कोण पाया पडतं?

टपरीवर येऊन कढई ठेवली आणि बघते तर वरून तीच पांढरी गाडी येतेय. मागच्या सीटवर मनस्वी, केस मोकळे. सोयरिकीचं आत्या खोटं बोलली, हे पोरीनेच मॅडमला फोन करून सांगितलं असणार. मला काय सुचलं देव जाणे. गिऱ्हाइकाचं बाकडं ओढत नेलं, रस्त्याच्या मधोमध टाकलं आणि त्यावर बसले.

गाडी अगदी जवळ येऊन थांबली. मनस्वीने काच खाली केली. तिच्या हातात कोपरापर्यंत नव्या बांगड्या होत्या. आत्या, लाज आणू नको गो, बोलली, आठ दिवसांत येतेच हाय.

मॅडम खाली उतरली. गोडवा कुठच्या कुठे गेला होता. "बाजूला हो. पोरगी सज्ञान आहे. स्वतःच्या मर्जीनं चाललीय, तसं ती कॅमेऱ्यासमोर बोललीय."

मी मॅडमकडे बघितलंच नाय. मनस्वीला विचारलं, "उंट बघायला सज्ञान असावं लागतं का गो?"

पोरीचं तोंड उतरलं. तिने मॅडमकडे बघितलं, मग हातातल्या बांगड्यांकडे. आणि दार उघडायला गेली. गाडी चालवणाऱ्या त्या माणसाने कसलंतरी बटण दाबलं, खट् आवाज झाला. दार उघडेना. काच वर सरकायला लागली. आत्या, एवढंच मला ऐकू आलं, बाकीचं आत राहिलं.

तेवढ्यात घाटातून उतरलेली कल्याणची यष्टी त्यांच्या मागे येऊन थांबली. आता त्यांना मागे जाता येत नव्हतं. मॅडम धावत गाडीत बसली. माझ्या रोजच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, हौसाबाय, काय झालं? गाडीचं इंजिन गुरगुरलं आणि बंपर माझ्या गुडघ्याला टेकला. खूप भीती वाटत होती मला. मी बाकड्याची फळी दोन्ही हातांनी धरली आणि यष्टीतल्या माणसांकडे बघून होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"उतरा रे सगळे. आमची पोर आत हाय."

बंपरने बाकडं मागे रेटलं. मी उठले नाय.