हेझेकाया पेटिफर्डचं मूळ घर

गुलामगिरीतून सुटलेला हेझेकाया पेटिफर्ड केंटकीहून कॅन्ससच्या उघड्या माळावर आला आणि त्याने आमचं न्यू शायलो गाव वसवलं. त्याच्या दगडी घरात आता त्याची पणती, ओझेलाआत्या, राहते. घर जतन करायला समिती आली, तेव्हा पहिली अडचण हीच निघाली, की घरात माणूस राहतं.

समितीचा अध्यक्ष आत्याचाच भाचा, ल्यूशियस. जन्म डेन्व्हरचा, त्यामुळे गावावर प्रेम अपार.

"घर मूळ रूपात आणायचंय, आत्या," तो म्हणाला. "नळ काढू, दिवे काढू. ही गॅसची शेगडी तर इतिहासाचा धडधडीत अपमान आहे."

"आणि मी रे?"

"तूही तशी नंतरचीच भर ना! तुझ्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघितलीय. मोठी खिडकी आहे."

"काय दिसतं त्यातून?"

"गाड्या लावायची जागा. पण खिडकी मोठी आहे."

घर सगळ्या वारसांचं. जुलैअखेरीस, गुलामी संपल्याच्या मुक्तिदिनाला, गावोगावचे पेटिफर्ड चर्चमध्ये जमतात, तेव्हा प्रवचनानंतर हात वर करून निकाल लागायचा होता. आत्याच्या बाजूने आम्ही गायनवृंदातले चार म्हातारे. ल्यूशियसच्या बाजूने रंगीत चित्रांची पत्रकं.

ल्यूशियसने रेव्हरंड ट्रेडवेलना पूर्वजाबद्दल बोलायला दहा मिनिटं दिली. समुद्राला पेल्यात बसायला सांगावं तसं. रेव्हरंड बोलता बोलता सुरात शिरले, ऑर्गन मागून हुंकार देऊ लागला, आणि माझे तर डोळेच भरून आले. असं प्रवचन ऐकलं की देव पुढच्या बाकावर येऊन बसलाय असं वाटतं.

"हेझेकाया माळावर आला—"

"आला!" आम्ही म्हणालो.

"घर बांधायला झाड होतं का?"

"नव्हतं, प्रभू!"

"दगड फोडायला हत्यार होतं का?"

"नव्हतं!"

"मग थंडी आली, बर्फ आलं, लेकरं कुठे निजली?"

ओझेलाआत्या हातातला पंखा मिटून उभी राहिली. "खड्ड्यात, रेव्हरंड! जमिनीत खणलेल्या खड्ड्यात! माझ्या परसात आहे तो अजून!"

"आमेन!" चर्च दणाणलं.

"प्रभूने पोटाशी धरलं त्यांना तिथे," आत्या म्हणाली. मग वळली. "काय रे ल्यूशियस, मूळ रूप पाहिजे ना? दगडी घर तर नंतरची भर. पाडून टाक."

ऑर्गनवाल्याने सवयीने एक जोरदार सूर दिला.

"आत्या, अगं, खड्डा कसा जतन करायचा?"

"त्यात माती पडू द्यायची नाही. जमेल का समितीला?"

हसता हसताच हात वर गेले. खड्ड्याच्या बाजूने सगळे. घराला कुणी बोटही लावायचं नाही असं ठरलं. ल्यूशियसनेही शेवटी हात वर केला. लगेच सगळ्यांबरोबर कुटुंबाचं छायाचित्र काढून घ्यायचं होतं.

आता परसात रंगवलेलं कुंपण आहे, पितळी पाटी आहे, आणि मधोमध अत्यंत सुस्थितीतला खड्डा आहे. फीत ल्यूशियसनेच कापली, भाषणही केलं, इतिहासाशी तडजोड न करण्याबद्दल. पाहुणे काठाशी टोप्या काढून उभे राहतात, आणि मग आत्याच्या स्वयंपाकघरात येतात.

इतिहासाचा अपमान करणारी शेगडी तिथेच आहे. तिच्यावर तळलेली कोंबडी ल्यूशियस दोनदा वाढून घेतो.