अर्धा कंद

लिलीचा कंद कोणाला द्यायचा तर अर्धाच, ही ओस्तापची रीत. निम्म्या पाकळ्या लसणासारख्या सोडवून द्यायच्या, निम्म्या स्वतःकडे ठेवायच्या. "सगळाच दिला आणि तिकडे गारठ्याने मेला, मग?" म्हणायचा. कॅनडातल्या सस्कॅचेवानचा हिवाळा बघता त्याचं काही चुकत नव्हतं म्हणा!

पण 'तेक्ला' त्याने कोणालाच दिली नाही, अर्धीसुद्धा नाही. त्याने स्वतः तयार केलेली, बायकोच्या नावाची पांढरी लिली, अख्ख्या जगात एकच कंद. सात हिवाळे बर्फाखाली काढले तिने, तरी हा आपला "अजून एक वर्ष बघू." तेक्ला चिडायची. "मी मेल्यावर देणार आहेस का रे मला?"

मेला तोच. ऑक्टोबरात वाफा बदलायचा म्हणून कंद उकरता उकरता वाफ्यातच आडवा झाला. त्याचा तो लाडका जाड कोट घालूनच त्याला पुरलं. महिन्याभराने तेक्लाने तळघरातली वाळूची पेटी उघडली. बाकीचे कंद जागच्या जागी, पण तिच्या नावाच्या चिठ्ठीखाली काहीच नाही. मग तिला आठवलं. उकरलेला कंद हा बाबा आधी कोटाच्या खिशात टाकायचा! जमीन तोवर दगडासारखी गोठली होती, आणि कबर उघडायचं नाव काढताच पाद्री तिच्या अंगावर ओरडला. हिवाळाभर तिला एकच घोर लागून राहिला. तिच्या नावाचं एकुलतं एक फूल तिनेच मातीआड केलं होतं.

जुलैत ती भर दुपारी कबरीवर गेली, तर तिथे लिली उभी. पांढरीशुभ्र. सहा फुटांखालून लिली वर येत नसते, हे तेक्लाला कोणी सांगायला नको होतं. वारा पडला होता, तरी फूल हलत होतं.

ती गुडघ्यांवर बसली, देठ मुळाशी धरला आणि ओढला. खालून कोणीतरी उलट ओढलं. तिने देठ सोडला नाही.

"सोड, म्हाताऱ्या! सात हिवाळे झाले, अजून काय बघायचंय तुला?"

खालची पकड आणखीच घट्ट झाली. तेक्लाला रडू फुटलं. "माझ्या नावाची आहे रे ती. तुझ्यामागं मला दुसरं आहे काय?"

काहीच हललं नाही. मग तिने डोळे पुसले आणि मातीला तोंड लावून हळूच म्हणाली, "बरं बाबा. अर्धी दे."

देठ अलगद वर आला. टोकाला कंद होता, एका बाजूने भरलेला. दुसऱ्या बाजूच्या पाकळ्या नुकत्याच सोडवल्या होत्या, आणि अंगठ्याच्या नखाची खूण अजून ओली होती.