उद्यामास्तरांचा बाप्तिस्मा

त्या शिंप्याला सारी गल्ली उद्यामास्तर म्हणायची. हातात कसब होतं, पण तोंडात एकच वायदा. कापडाला कात्रीही लागलेली नसली तरी "फक्त काजं राहिलीत, उद्या न्या," असं तो इतक्या मायेने सांगे की गिऱ्हाईक उलट त्याचेच आभार मानून परत जाई.

चर्चमध्ये तो पहिल्यांदा शिरला तो काही देव शोधायला नव्हे. एक शिक्षिका सातव्या चकरेनंतर छत्री उगारून मागे लागली होती. दार उघडं दिसलं, तसा तो आत घुसून शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला. पाद्रीबाबा नेमके खोटेपणावर बोलत होते. लोकांना फसवता फसवता माणूस स्वतःलाच ओळखेनासा होतो. पण ख्रिस्त त्याला ओळखतो, आणि ओळखूनही जवळ बोलावतो. मास्तराने मान वर केली. बाहेर बाई उभी आहे हेही तो विसरला.

पुढच्या रविवारी तो आपणहून गेला. वर्षभराने त्याने बाप्तिस्मा घेतला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "उसवून पुन्हा शिवल्यासारखं वाटतंय."

पंचाईत सोमवारपासून सुरू झाली. गिऱ्हाइकाने विचारलं, की तो खरं सांगे, "तीन आठवडे लागतील." ऐकणाऱ्याला तो अपमान वाटे. लोक समोरच्या दुकानात जाऊ लागले. तिथला शिंपी गोड हसून परवाचा वायदा करी.

"देवाने मला नवा नवरा दिला, त्याची तक्रार नाही," बायको म्हणाली. "पण गिऱ्हाइकं जुन्याची होती."

अशात पाद्रीबाबा काळं कापड घेऊन आले. रविवारी बिशप येणार होते. नवा झगा हवा होता.

"नाही होणार. सतरा दिवस लागतील," मास्तर म्हणाला.

"अहो, बघतो म्हणा. तेवढाच धीर येतो."

"बघतो म्हटलं तर खोटं होईल, बाबा. तुम्हीच तर शिकवलंत."

पाद्रीबाबांनी कापडाची घडी काखेत मारली आणि ते समोरच्या दुकानात गेले.

रविवारी बिशपांशेजारी पाद्रीबाबा कोपरावर रफू केलेल्या जुन्याच झग्यात उभे राहिले आणि सहनशीलतेवर बोलले. मास्तराला आतून गुदगुल्या झाल्या. मग त्याची त्याला लाज वाटली. सभा संपल्यावर त्याने त्यांना गाठलं.

"बाबा, तुमची फजिती पाहून मला आनंद झाला. माफ करा."

पाद्रीबाबांनी कोपरावरच्या रफूवरून हात फिरवला. "मीही त्या दिवशी तुमच्याकडून खोटंच मागत होतो," ते म्हणाले. "तेव्हा फिटंफाट. कापड समोरच्या शिंप्याकडून आणतो. त्याने अजून घडीही मोडलेली नाही."

सतराव्या दिवशी सकाळी मास्तर झगा घेऊन त्यांच्या घरी गेला. पाद्रीबाबा घालून पाहायला उठले, तोच तो म्हणाला, "डावी बाही बोटभर आखूड झालीय. चूक माझी."

"असू दे. कुणाला दिसणार नाही."

"दिसेल," मास्तर म्हणाला आणि तिथेच खुर्चीत बसून बाही उसवायला लागला.